काकूचे कान आणि दोन कार्ब्युरेटर

जुन्या गाड्यांच्या दुनियेत माझ्या काकूला सगळे ‘कानवाली’ म्हणत. घराच्या मागे तिची पत्र्याची शेड होती. खिडकीलगत लांब टेबल, त्यावर कायम पांढरं फडकं, म्हणजे एखादी बारीक स्प्रिंग पडली तरी नजरेत यावी. त्या फडक्यावर ती कार्ब्युरेटर सुटा करून मांडायची. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते कार्ब्युरेटर ठरवतो. पेट्रोल जास्त झालं की इंजिन काळा धूर ओकतं, कमी पडलं की खोकतं.

काही गाड्यांना कार्ब्युरेटर दोन असतात, आणि दोघांनी हवा सारखीच ओढायला हवी. काकू एका रबरी नळीचं एक टोक कानात धरायची, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हींचा फुत्कार सारखा येईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे.

एकदा दातांच्या एक डॉक्टरीणबाई वडिलांची फिकट हिरवी गाडी घेऊन आल्या. गाडी बरीच वर्षं नुसती उभी होती. कार्ब्युरेटर दोन, आणि दोन्हींत पेट्रोल वाळून गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं.

“हे दोन्ही काढून एकच मोठा नवा बसवू या का?” बाईंनी विचारलं.

“मोठ्या तोंडातून हवा संथ जाते,” काकू म्हणाली. “संथ हवा पेट्रोल नीट उचलत नाही. तुम्ही काही शर्यतीला जाणार नाही. गर्दीतून हळू जाताना गाडी रडेल. आहेत तेच राहू देत.”

तिने दोन्ही कार्ब्युरेटर धुतले, जोडांतले गॅस्केट नवे घातले, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुया बदलल्या, नळी कानाला लावून फुत्कार जुळवले आणि गाडी पाठवून दिली.

आठवड्याभरात बाई परत हजर.

“काकू, सिग्नलला उभी राहिली की थरथरते हो. अगदी माझ्या खुर्चीतल्या पेशंटसारखी!”

काकूने पुन्हा ऐकलं. दोन्हीकडे आवाज सारखाच. मग तिने इंजिनात ठिणगी पाडणारे चारही प्लग काढून पाहिले. मागचे दोन छान विटकरी, पुढचे दोन पांढुरके. तिच्या कपाळावर आठी पडली. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

“पुढच्या बाजूला कुठूनतरी हवा शिरतेय,” ती जेवताना काकांना म्हणाली. “मग मला ऐकू कशी येत नाही?”

काका घरातच शिवणकाम करायचे. घास तसाच ठेवून ते म्हणाले, “तू माझं ऐकत नाहीस हे मला लग्नापासून माहीत आहे. पण हल्ली तू फ्रीजचंही ऐकत नाहीस. दार उघडं राहिलं की तो पिकपिक करत बसतो. रोज मीच उठून लावतो.”

“फ्रीज पिकपिक करतो?” काकूने विचारलं.

ती जेवण सोडून उठली. फ्रीजचं दार उघडं टाकून समोर स्टुलावर बसली. काका म्हणाले, “आता वाजतोय.” तिला काहीच ऐकू आलं नाही. मग तिने घरभर शोध मांडला. मनगटी घड्याळाचा गजर, नाही. सायकलच्या चाकातून सुटणारी हवा हाताला लागली, पण कानाला नाही. शिवणयंत्राची खडखड मात्र अगदी स्वच्छ.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. बारीक, उंच आवाज गेलेत. जाडे शाबूत आहेत. त्या दिवशी काकूने शेडचं दारही उघडलं नाही. काका दोनदा चहा ठेवून गेले, दोन्ही कप गार झाले.

दुसऱ्या दिवशी मात्र ती कामाला लागली. बरणीच्या झाकणाला रबराची कडी, त्यावर एक उभी काचेची नळी, खाली अरुंद, वर रुंद, वरचं टोक झाकणातल्या भोकाला जोडलेलं, आणि नळीत एक हलका मणी. झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडावर दाबलं की हवा नळीत खालून शिरून मणी वर उचलणार. मणी जितका वर, तितकी हवा जास्त. पहिला मणी सुळकन उडून वरच्या टोकाला लावलेल्या जाळीला चिकटला. लाकडाचा कोरलेला जड निघाला, जागचा हललाच नाही. शेवटी काकांच्या डब्यातलं एक बटण तासून मणी म्हणून बसलं.

तिने पुढे लावून पाहिलं, मागे लावून पाहिलं. मणी दोन्हीकडे एकाच उंचीवर!

“म्हणजे कान एवढं तरी खरं सांगत होता,” ती खुश होऊन पुटपुटली. “तोंडातून हवा सारखीच जातेय. जादा हवा चोरवाटेने येतेय.”

कार्ब्युरेटरच्या आत हवेची झडप फिरवणारी एक दांडी असते, तिचं टोक एका भोकातून बाहेर येतं. इंजिन चालू ठेवून पुढच्या कार्ब्युरेटरच्या त्या भोकाशी काकूने तेलाचा एक थेंब सोडला. थेंब आत ओढला गेला आणि इंजिनाची थरथर क्षणभर थांबली. तेलाने फट बुजली होती. भोक झिजलं होतं. अशा फटीतून बारीक शीळ येते. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी शीळ ऐकू आली नाही म्हणून काकू पुढे गेली होती.

तिने भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे दांडीच्या मापाची नळकांडी, बसवला, दांडी नवी घातली. मणी पाहून हवा जुळवली, इंजिनाचा जाडा ठोका ऐकून पेट्रोल. बाईंना घेऊन ती गाडी गावाबाहेर फिरवून आली आणि प्लग काढले. चारही विटकरी.

“चूक माझी होती,” काकू म्हणाली. “मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता.”

“मला जवळचं दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “चष्मा लावते आणि दात काढते. तुम्ही त्या मणीवाल्या नळीचं बोला, ती कशी केलीत?”

त्यानंतर काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला कानाचं आधीच सांगू लागली. एकदोघे दुसरीकडे गेले, बाकीचे नळी बघायला थांबले. पुढे श्रवणयंत्रही आलं. ते घातल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो कानाच्या डॉक्टरांना: ह्याला बारीक आवाज कुठला, हे कळतं कसं? डॉक्टरांचे पेशंट खोळंबले होते, उत्तर राहूनच गेलं. परवा मी गेले तेव्हा तिने कुठूनतरी एक बंद पडलेलं श्रवणयंत्र मिळवलं होतं, आणि भिंग डोळ्याला लावून ती ते पांढऱ्या फडक्यावर उघडत होती.

“बस जरा,” ती मान वर न करता म्हणाली, “आणि हलू नकोस. ह्यातले स्क्रू फुंकरीनेही उडतात.”