शेवटच्या मॅचची लेन्स

माझ्या मुलीचे सॉकर खेळतानाचे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत आणि एकाही फोटोत तिचा चेहरा दिसत नाही. बहुतेक स्टँडवर बसून फोनने काढलेले. हिरवंगार मैदान, त्यात मुंग्यांएवढ्या मुली, आणि त्यातली कुठली आपली हे बोट ठेवून दाखवावं लागतं. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नवरा शेजारी असायचा, आम्ही दोघं घसा बसेपर्यंत ओरडायचो, फोटोची कुणाला पडली होती?

या वर्षी तो शेजारी नव्हता. हिवाळ्यात त्याची नोकरी गेली आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत जी मिळाली ती टेक्सासात, अर्विंगला. आम्ही दोघी मॉरिसव्हिललाच राहिलो, कारण मुलीचं बारावीचं वर्ष. तिचा एकही सामना त्याला बघता आला नाही. शाळेच्याच मैदानावरच्या शेवटच्या मॅचसाठी त्याने विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं, तरी फोनवर रोज एकच धोशा. "नीट फोटो काढ यार. खेळताना तिचा चेहरा दिसला पाहिजे मला."

ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार, तेही देशाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे मला मिळणार एकच संध्याकाळ. आणि मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर. काय काय बिघडू शकतं हे आधी शोधून काढायचं, याचाच मला पगार मिळतो. घरातही ती खोड सुटत नाही.

पहिल्यांदा मी आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांना गाठलं. निवृत्त डॉक्टर, आता तळ्याकाठी बसून पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांनी आपला एक कॅमेरा दिला आणि लांबलचक लेन्स टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. दीडशे ते सहाशे मिलिमीटर. "पलीकडच्या काठावरच्या बगळ्याचा डोळा दिसतो यातून," काका म्हणाले. आदल्या आठवड्यातल्या मॅचला मी ती घेऊन गेले. उन्हात काय फोटो आले! तिच्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा दिसत होती, फक्त ती सगळीकडे पाठमोरी. मग ऊन उतरलं, शाळेचे ते मिणमिणते दिवे लागले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत माझी मुलगी म्हणजे एक निळा फराटा.

"अगं, ही लेन्स लांबचं बघते, पण उजेड फार कमी आत घेते," काकांनी फोनवर समजावलं. "शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं मग. माझा बगळा तासभर हलत नाही. तुझी पोरगी पळते."

शेवटची मॅच संध्याकाळचीच होती.

मग मी भाड्याने दुसरी लेन्स आणली. सत्तर ते दोनशे, तोंड मोठं, अंधारातही उजेड ओढून घेणारी. पण दोनशेमध्ये मैदानाचं पलीकडचं टोक पुन्हा मुंग्यांचं होतं. त्यावर उपाय म्हणून कन्व्हर्टर मिळतो, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची जाड चकती. तो लावला की लांबचं जवळ येतं, आणि उजेड पुन्हा कमी होतो. म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. लावू की नको? मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये लॅपटॉपचा कॅमेरा बंद ठेवून लेन्सचे व्हिडिओ बघू लागले. संध्याकाळी मुलीला घरासमोरच्या रस्त्यावर पळायला लावलं, एकदा चकती लावून, एकदा काढून. गाड्यांवर पाइनच्या परागकणांचा पिवळा थर, तोच माझ्या काचेवर, आणि मी रस्त्यावर गुडघे टेकून बसलेली.

"आई, यू आर बीइंग सो वीअर्ड."

"बोलू नकोस, पळ."

शेवटी काकांनीच निकाल लावला. "कन्व्हर्टर ठेव पिशवीत. पायांनी पुढे जा."

पायांनी पुढे जायचं तर कुंपण आडवं येत होतं. आईबापांना मैदानात प्रवेश नाही. मी सगळं कुंपण फिरून पाहिलं आणि लांबच्या गोलमागचा कोपरा पक्का केला. पहिल्या हाफमध्ये तिची टीम त्याच गोलवर चाल करणार, ती डाव्या बाजूने पळत येणार, म्हणजे सरळ माझ्याकडेच. स्टँडवरून आजवर फक्त पाठ दिसली, इथून चेहरा. जागा ठरली तेव्हा जरा हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. मॅचच्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याच्या जवळच्या विमानतळावर, डॅलसला, वादळ, विमान कॅन्सल.

"आता सगळं तुझ्यावर आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला, जणू ते वादळ त्यानेच मागवलं होतं. मुलीला शाळेत कळवलं तर तिचं उत्तर आलं, "इट्स फाइन." तिचं सगळंच फाइन असतं.

मी लवकर जाऊन कोपरा धरला. मॅचआधी, यंदा शाळा संपणाऱ्या मुलींचा सत्कार होणार, हे मला माहीत होतं. आपल्याकडे सत्कार म्हणजे मुलं स्टेजवर आणि आईबाप खाली कॅमेरा घेऊन. इथे स्टेजच्या जागी मैदान, एवढाच फरक मी धरला. मुलीला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. मला वाटलं, ठाऊक करून घेण्यासारखं यात काही नाही. दोघी एका घरात राहतो, पण याबद्दल एका शब्दाने बोललो नाही.

लाऊडस्पीकरवर पहिलं नाव पुकारलं. मुलगी गेटमधून निघाली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, हातात हात. हौशी दिसतात, मी म्हटलं. दुसरी निघाली, तीही तशीच. तिसरीबरोबर आई, वडील आणि वडिलांची आताची बायको, चौघं एका ओळीत. तेव्हा कळलं, इथे आईबापांनीही मुलीबरोबर चालत जायचं असतं.

मी लेन्स गेटकडे वळवली, सरळ रेषेत ते फार लांब नव्हतं. आमचं आडनाव यादीत शेवटी येतं, त्यामुळे ती रांगेच्या शेवटी होती. बाकी प्रत्येक मुलीभोवती माणसं, आणि ही एकटी, हातात एक गुलाब. मान उंच करून स्टँडकडे बघत होती, नेमकं आम्ही दोघं नेहमी बसतो त्या पायरीकडे. उतरत्या उन्हात तिचा चेहरा इतका स्वच्छ दिसत होता की खालचा ओठ दाताखाली धरलेला मला कळला. माझं बोट आपोआप दाबलं गेलं.

मग मी पळाले. एवढी लेन्स छातीशी धरून, कुंपणाला वळसा घालून, धापा टाकत. माझ्या बाजूचं गेट बंद होतं, म्हणजे अख्खी फेरी. मधेच लाऊडस्पीकरवर तिचं नाव ऐकू आलं, नेहमीसारखं मोडकंतोडकं. ती जागची हलली नाही. पुन्हा पुकारलं. तिच्या कोचने हात पुढे केला, मी येतो तुझ्याबरोबर, अशा अर्थाने. तिने नाही म्हणून मान हलवली. मी ओरडले, पण टाळ्यांत ते तिला ऐकू गेलं नाही. स्टँडमधली एक आई माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "वेट! शी इज कमिंग!" तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं.

मी पोचले तेव्हा तिने आधी माझा दंड घट्ट धरला. "कुठे होतीस?"

"तिकडे. तुझा फोटो..."

"मला वाटलं, तूपण येणार नाहीस."

घरात मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, हे कित्येक वर्षं चाललंय. त्या दिवशी मात्र तिने हे सगळं मराठीत म्हटलं. आम्ही चालत मैदानाच्या मध्यापर्यंत गेलो. लेन्स माझ्या मांडीवर आपटत होती, लोक टाळ्या वाजवत होते. तिने गुलाब माझ्या हातात दिला. तेवढ्यात मी सवयीने कॅमेरा वर केला तर डोळ्यासमोर नुसता धूसर गोळा. ही लेन्स हातभर अंतरावरच्या माणसाला पकडतच नाही. "आई, पुट इट डाउन," ती म्हणाली, आणि मी ठेवला.

कोपऱ्यात मी परत गेले नाही. स्टँडवर आमच्या पायरीवर बसले आणि दोघांच्या वाटचं ओरडले. मॅच संपल्यावर ती टीमबरोबर पिझ्झा खायला गेली. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी त्या संध्याकाळचा एकुलता एक फोटो नवऱ्याला पाठवला.

लगेच उत्तर आलं. "काय क्लिअर आलाय! चेहरा दिसला बघ एकदाचा." मग थोड्या वेळाने, "पण ही कुणाला शोधतेय?"

मी लिहिलं, "आपल्याला."