उरलेल्यांचे डॉक्टर

डॉक्टर आनंदराव साठोणे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या दारात झाली, तीही भांडणाने. धम्मदीक्षेनंतरचा तो पहिला हिवाळा. माझी थोरली बहीण शांता सांधे धरून, धापा टाकत या डॉक्टरसाहेबांच्याच यवतमाळच्या दवाखान्यात वारली होती. आठवडाही उलटला नव्हता, तोच साहेब बाभुळगावला आमच्या घरी हजर.

"पोरगी तं गेली, आता कायले आले?" बाबा ओरडले.

"उरलेलीसाठी," साहेब म्हणाले.

घशाच्या साध्या तापातून हृदयाची झडप खराब होते आणि एकाच घरात हा ताप दुसऱ्या लेकरालाही गाठतो, हे तेव्हा आमच्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक होतं? बाबा दार लावू लागले. आईने मला पुढे केलं. "राग मंग काढा. पहिले ऐकू द्या त्याइले," ती म्हणाली. साहेबांनी नळी लावली, तर शांताच्या छातीत होता तोच बिघडलेल्या झडपेचा आवाज माझ्याही छातीत निघाला. मग दर महिन्याला इंजेक्शन. त्या दिवशी नीट बसता यायचं नाही, पण मी जगले. पुढे नर्स होऊन साहेबांच्याच हाताखाली आले.

मयताच्या घरी जाऊन उरलेल्यांना तपासायचं, ही साहेबांची रीत. लोक त्यांना 'मौतीचा डाक्टर' म्हणत. त्यांची सायकल दिसली की बाया लेकरं घरात ओढत. केळापूरकडच्या एका घराने आम्हांला असंच हाकलून दिलं. वर्षाने त्यांनीच बोलावलं, तेव्हा दुसरा मुलगा उपचारांपलीकडे गेला होता. 'मी सांगितलं होतं' हे शब्द साहेबांच्या तोंडून निघाले नाहीत. निघताना त्यांनी तिसऱ्याच्या छातीला नळी लावली. मला त्या घराचा फार राग आला होता. साहेबांना राग करायला सवड नव्हती.

साहेबांना यंदा साठ पूर्ण होत आहेत. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबले, कपाळाला घाम, हात छातीवर. मी नळी काढली तशी माझ्यावरच खेकसले, "पेशंट खोळंबलेत, कामं करा."

"राग मंग काढा साहेब. पहिले ऐकू द्या," मी म्हणाले.

ते सदऱ्याची बटणं काढू लागले. जे ऐकू आलं ते मी लपवलं नाही, कारण लपवायला त्यांनी शिकवलेलंच नाही. आता पायऱ्या बंद आहेत, औषध मी समोर उभी राहून देते. साहेब, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो. तुमच्यामागे उरायची आमची अजून तयारी नाही.