वनसच्या गळ्यातलं वळण

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून मुअल्लिम रिज्कल्लांना कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. मुअल्लिम म्हणजे चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणारा आणि शिकवणारा, आणि इजिप्तमध्ये नाईलकाठच्या अखमीममधल्या आमच्या चर्चची सगळी स्तोत्रं या एका माणसाच्या गळ्यात होती. त्यांनी ती आपल्या आंधळ्या गुरूकडून घेतली होती, त्या गुरूने त्याच्या गुरूकडून. सूर कागदावर उतरवायची पद्धत आमच्यात नाही. गळ्यातून कानात आणि कानातून पुढच्या गळ्यात, एवढाच रस्ता. त्यामुळे गुड फ्रायडेला येशूला पुरतानाचं लांबलचक गीत यंदा कोण म्हणणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मुअल्लिमांनी लहानपणापासून हाताशी धरून तयार केलेला एकच होता, नरगिसचा वनस.

वनस तसा गुणी पोरगा. सिगारेटला शिवला नव्हता, उपासाच्या दिवसांत दुधाचा थेंब चाखत नव्हता, रविवारी पांढरा झगा घालून सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. बाकीचे दिवस बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मान खाली घालून बारीक स्क्रू काढत बसायचा, आणि दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत कानात लग्नाच्या वरातीत वाजतात ती गाणी. टुकटुक रिक्षावाले लावतात तीच, नाचून पाय मोडतील अशी. नरगिस म्हणायची की सहा दिवस कानात धांगडधिंगा आणि सातव्या दिवशी तोंडात देव, हे कसलं रे तुझं? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, की आई, मी शब्दांकडे लक्षच देत नाही, नुसते हात चालावेत म्हणून लावतो. आणि हे खोटं नव्हतं. त्याला त्या गाण्यांतली एक ओळही धड म्हणता आली नसती.

उपासाच्या दिवसांत रोज संध्याकाळी तो मुअल्लिमांच्या घरी तालमीला जायचा. त्या गीतात शब्द मोजकेच आहेत. एकेक स्वर धरून दम संपेपर्यंत लांबवायचा, चढवायचा, वळवायचा. मधोमध एक जागा येते. तिथे आवाज वर जाऊन थांबतो आणि मग हळूहळू, मागे ओढत, खाली येतो. खांद्यावरचं प्रेत कबरीत उतरवताना जसं सांभाळून सोडतात, तसा तो सोडायचा असतो. कैरोहून आलेल्या टेपांवर ही जागा वेगळी आहे. हे उतरणं फक्त आमच्या गावाचं, आणि वेशीच्या आत जन्मलेला माणूस ते ऐकलं की आपोआप मान खाली घालतो. मुअल्लिमांनी ते कुणाला रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. यंत्राकडून शिकलेला माणूस यंत्रासारखाच म्हणतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत मला आजही हट्टीपणाचंच वाटतं.

त्या संध्याकाळी वनस डोळे मिटून म्हणत होता. मुअल्लिम गुडघ्यावर हाताने ठेका धरून बसले होते. ती जागा आली, आवाज वर गेला, थांबला, आणि खाली यायच्या ऐवजी एक झटका खाऊन आणखी वर चढला आणि तिथे थरथरला. मुअल्लिमांचा हात गुडघ्यावर थांबला.

"कुणाचं लग्न आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

वनसला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्याचे कान लाल झाले. ती वरातीच्या गाण्याची उडी होती, नवरीला घोळक्यात उचलतात तेव्हाची. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो उडीवर नजर ठेवून म्हणत होता, तर उडी टळली, पण आवाज अधांतरी तुटला.

मुअल्लिमांनी त्याला जवळ बोलावलं. बोलायला त्यांना त्रास होत होता, आणि वनसला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "तू म्हणतोस, शब्द ऐकत नाही. शब्दांची मला भीती नव्हती रे. शब्द माणूस विसरतो. चाल बसते."

"काढतो मी ती, मुअल्लिम. शुक्रवारपर्यंत काढतो."

"काढ बाबा. मला तर आता म्हणून दाखवता येत नाही."

हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. आता ती जागा बरोबर म्हणू शकणारं माणूस जगात एकही उरलं नव्हतं. एक म्हणू शकत नव्हता आणि दुसऱ्याच्या गळ्यात नवरी नाचत होती.

वनसने कानातली गाण्याची यंत्रं दुकानाच्या खणात टाकली. टुकटुक जवळून गेली की तो बोटं कानात घालायचा, आणि गिऱ्हाईकं विचारायची की कान दुखतोय का. शेजारच्या गल्लीत मुसलमानांकडे लग्न निघालं तेव्हा तो नाईलच्या काठी जाऊन बसला. तिथे तर काहीच वाजत नव्हतं, आणि नेमकी तिथेच ती उडी त्याच्या आतून वाजली. बाहेरचा आवाज बंद केला म्हणून इतक्या दिवसांचा आतला जातोय थोडाच. दिवसरात्र तो ती जागा घोटत राहिला. घरी जपून म्हटली की बरोबर यायची, पण जरा विसरून, मनापासून म्हणायला गेला की उडी हजर. नरगिसने त्याच्यापुढे तामियाचे वडे आणि भाकर ठेवली तर तो घास हातात धरून ओठ हलवत बसायचा. ती चिडून म्हणाली की अरे, निदान गिळ तरी, गळ्याला काम कर म्हणून सांगतोस आणि गळ्यात काही घालत नाहीस.

शुक्रवारी चर्चला काळे पडदे लागले होते. सकाळपासूनच्या उपासाने माणसं थकली होती, बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले होते. पाद्रीबुवा येशूचं चित्र पांढऱ्या कापडात गुंडाळत होते, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि मसाले घालत होते. मुअल्लिम पुढच्या खुर्चीवर बसले होते. तरुण मंडळाची पोरं फोन वर धरून उभी होती, आणि त्यांना ओरडून थांबवायला मुअल्लिमांना आवाज नव्हता. वनसने सुरुवात केली.

त्याचा आवाज त्या दिवशी असा लागला की पाद्रीबुवांचे हात क्षणभर थांबले. जागा जवळ येत गेली तसा त्याला घाम फुटला. सांभाळून म्हणावं तर आवाज कोरडा पडणार, सगळ्यांना कळणार की पोरगा घाबरलाय. त्याने समोर त्या गुंडाळलेल्या चित्राकडे पाहिलं, त्याचं मन भरून आलं, आणि त्याने सांभाळणं सोडून दिलं. आवाज वर गेला. थांबला. आणि उडी मारून आणखी वर गेला, थरथरला, आणि तिथून काळजाला हात घालत खाली कोसळला.

बायका धाय मोकलून रडल्या. माना मात्र कुणाच्याच खाली गेल्या नाहीत, सगळे वनसकडे पाहत होते. मुअल्लिमांनी डोळे मिटून घेतले होते.

बाहेर आल्यावर लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. तो व्हिडिओ ईस्टरच्या आत गावभर झाला, मग गावाबाहेर. कैरोत कामाला गेलेल्या आमच्या माणसांनी फोन करून सांगितलं की आम्ही ऐकून रडलो. वनसने मंडळाच्या पोरांना तो काढून टाकायला सांगितला आणि त्यांनी काढून टाकलाही, पण तोपर्यंत तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होता. मुअल्लिमांकडे वनस गेला तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, "पोरं तेच शिकतील आता. लवकर बस त्यांना घेऊन."

बसतो म्हणाला. पण बसला नाही. लाज वाटत होती हे एक, आणि कौतुक गोड लागत होतं हे दुसरं. आणि ईस्टर झाल्यावर दुकानाच्या खणातली यंत्रं परत कानात गेली. आता वर्षभर कुठे गुड फ्रायडे आहे, असं त्याने मनाला समजावलं. आधी माझं मला बरोबर येऊ दे, मग पोरांना शिकवतो, असंही समजावलं. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी मी काय केलं असतं हे मला ठाऊक आहे म्हणून जास्तच येतो.

उन्हाळ्यात मुअल्लिम गेले. झोपेतच गेले, ते बरं झालं असं सगळे म्हणाले.

आमच्याकडे मुअल्लिमाच्या मातीला त्याचे शिष्य तेच शुक्रवारचं गीत म्हणतात, इतर कुणाच्या नाही. चर्चची सगळी पोरं झगे घालून कबरीपाशी उभी राहिली. वनस शवपेटीच्या एका बाजूला दोर धरून उभा होता. त्याने सुरुवात करायची वाट न पाहता पोरांनीच सुरू केलं, इतकं त्यांचं पाठ होतं. छोट्या छोट्या मुलांनी डोळे मिटले होते, काहींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फोनवरून शिकून इतकं सुरेल कुणी म्हणेल असं मुअल्लिमांनाही वाटलं नसतं.

पेटी उतरू लागली. जागा जवळ येत होती आणि वनसला ठाऊक होतं की आता काय होणार. आज तरी, या माणसाला उतरवताना तरी, निदान एक गळा बरोबर हवा. त्याने दोर घट्ट धरला, छाती भरून घेतली आणि पोरांच्या आवाजावर आपला आवाज चढवला, त्यांना ओढून खाली आणण्यासाठी. दोर हातातून सरकत होता. आवाज वर गेला, सगळ्यांचा मिळून थांबला.

आणि मग पोरांच्या बरोबर वनसचाही गळा उडी मारून वर गेला.