हर्णेकर पाळकांचा गोड निरोप

हर्णेकर पाळक वारल्याची बातमी मला शाळेत कळली. गिरगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन सांगत होते. मोठ्या बाई दारात आल्या, हळू आवाजात बातमी सांगितली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी डोळ्यांना पदर लावावा अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मुलींना पुढचं वाक्य सांगितलं. त्याला आता सहा आठवडे होतील. एवढ्या दिवसांत त्यांच्यावर बरंच छापून आलं. कुणी त्यांच्या विद्वत्तेबद्दल लिहिलं, कुणी गोड गळ्याबद्दल, कुणी शिस्तीबद्दल. संपादकांनी मलाही कळवलं की परळच्या ख्रिस्ती मंडळीत तुम्ही त्यांना जवळून पाहिलंत, तेव्हा चार बरे शब्द लिहा. जवळून पाहिलं हे खरं. शब्द लिहिते, ते बरे निघतील याची हमी मी घेत नाही.

परळला आमचं प्रार्थनामंदिर म्हणजे गिरणीच्या चाळींमागची एक लांबट कौलारू पडवी. मंडळी सगळी हातावर पोट असलेली, त्यात एकदोन मास्तर आणि छापखान्यात खिळे जुळवणारे माझे यजमान. हर्णेकर तिथे दहा वर्षं पाळक होते. त्यांचं देणं मी नाकारत नाही. ह्यांना त्यांनी हाताला धरून वाचायला शिकवलं, म्हणून तर छापखान्यात काम मिळालं. गळा खरोखरच गोड होता. ते गायला लागले की रस्त्यावरून जाणारा हमालही डोक्यावरचं ओझं सावरत घटकाभर थांबे. पण माणूस नियमाचा. दुसरी घंटा झाली की ते स्वतः जाऊन दार लावून घ्यायचे. बायका घरची चूल आवरून, पोरांची तोंडं धुऊन धावत यायच्या आणि बाहेरच्या ओट्यावर बसून उपदेश ऐकायच्या. एकदा मी म्हटलं, आत जागा आहे की. ते म्हणाले, जागेचा प्रश्न नाही, सगुणाबाई, सवयीचा आहे. मीही मान डोलावली. मास्तरीण पडले ना, घंटेचा धाक मलाही होताच.

माझ्या सासूबाई शिवडीच्या कोळीण. त्यांना आम्ही आई म्हणायचो. मुलगा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांनी दारात बसून त्याच्या नावानं रडून घेतलं, सहा वर्षं तोंड पाहिलं नाही, आणि सातव्या वर्षी एका सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या परळच्या खोलीत आल्या. पाटी खाली ठेवली, एक मोठं पापलेट काढून माझ्यापुढे टाकलं आणि चुलीपाशी बसल्या. बस्स, त्या राहिल्याच. जातवाल्यांनी त्यांना आमच्या हातचं खाते म्हणून वाळीत टाकलं. वर्षभरानं त्या आपण होऊन म्हणाल्या की मलाही तुमच्यात घ्या. मी त्यांना कधी आग्रह केला नव्हता. ह्यांनीही नाही. ह्यांना इतका आनंद झाला की ते अर्ध्या जेवणावरून उठून पाळकांकडे सांगायला गेले.

तिथून पुढची तीन वर्षं म्हणजे हर्णेकरांच्या नियमाची आणि आईंची झटापट. पहिल्या वर्षी बाप्तिस्म्याआधी पाठ करायची प्रश्नोत्तरी अडली. देव कोण आहे, या प्रश्नाला पुस्तकात दोन ओळींचं उत्तर आहे. आईंना ते सगळं कळे, पण त्या आपल्या शब्दांत सांगत. पाळक म्हणत, अर्थ बरोबर आहे, पण शब्द चुकले. मी रोज भाकऱ्या थापताना त्यांच्याकडून घोकून घ्यायची. दुसऱ्या वर्षी शब्द आले, तर नारळ आडवा आला. परीक्षेच्या बैठकीत पाळकांनी विचारलं, जुनं सगळं सोडलं ना? कुणीही हो म्हणून मोकळं झालं असतं. आईंनी विचार केला आणि सांगितलं, सगळं सोडलं, पण नारळी पुनवेला शिवडीच्या बंदरावर जाऊन नारळ दिला. पाळकांनी वही मिटली. आईंना वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. त्यांनी समजावून दिलं.

“नारल दर्याला दिला, पालकानूं. माजा घोव त्याच्या पोटात हाय. देवाला नारल कशाला? त्याला काय कमी हाय?”

एक वर्ष वाढलं. पुढच्या पुनवेला आई घराबाहेर पडल्याच नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. संध्याकाळी उठल्या आणि भांडी घासायला बसल्या. हे मी पाळकांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, फार चांगली प्रगती आहे. रविवारी पाटी घेऊन फिरणंही त्यांनी सोडलं. मग मात्र पाळकांपाशी काही कारण उरलं नाही, आणि येत्या पुनरुत्थानाच्या सणाला बाप्तिस्मा देऊ असं त्यांनी आमच्या घरी येऊन, आमचा चहा पिऊन कबूल केलं. आईंनी ह्यांच्याकडून पांढरं लुगडं आणवलं. तोवर त्यांचा दमा बळावला होता. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायच्या... पण लुगडं रोज एकदा उलगडून बघायच्या.

सणाला महिना असताना घाटावरच्या एका मोठ्या मंडळीचं हर्णेकरांना बोलावणं आलं. मोठी मंडळी, दगडी मंदिर, राहायला बंगला. त्यांनी पत्करलं, आणि सणाच्या आधीच निघायचं ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसानं बरं ठिकाण सोडावं असं मी कुणाला सांगणार नाही. पण जाण्यापूर्वी आईंचं काम उरकून जा, एवढं सांगायला हे तीन वेळा गेले. पहिल्यांदा पाळक म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, नव्या पाळकानं आपल्या हातानं घेतलेलं बरं. तिसऱ्यांदा खरं कारण बाहेर आलं. शिवडीच्या जातवाल्यांनी निरोप धाडला होता की म्हातारीच्या डोक्यावर पाणी घातलंत तर आम्ही मंदिराच्या दाराशी येऊन बसू. पाळकांना ते शेवटच्या रविवारी नको होतं. आपला निरोप गोड व्हावा असं त्यांना फार वाटे. फुलं, हार, मोठमोठ्यांची भाषणं, सगळं ठरलं होतं.

तो रविवार आला. मंदिर फुललं होतं, गिरगावहून पाहुणे आले होते, आणि त्या दिवशी दार उघडं ठेवलं होतं. आई बायकांच्या बाजूला चटईवर माझ्याशेजारी, पांढरं लुगडं नेसून. नेसू नका असं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. हर्णेकर शेवटचा उपदेश फार सुंदर बोलले. लोक रडले, मीही रडले, खोटं कशाला सांगू. आपल्या मंडळ्यांत निरोपाची एक रीत आहे. जाणारा पाळक शेवटी म्हणतो, माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर त्यानं आत्ता उठून सांगावं, म्हणजे मी मोकळ्या मनानं जाईन. मग तो गीताच्या पुस्तकाचं पान उलटण्यापुरता थांबतो, आणि गीत सुरू होतं. कुणी उठायचं नसतं. लहान पोरांनाही ते ठाऊक असतं. आईंना तीन वर्षं प्रश्नोत्तरी शिकवली, पण ही रीत कुणी शिकवली नव्हती.

आई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत उठल्या.

“तुमी इचारलाव म्हनून बोलतंय, पालकानूं. तुमी चाललाव. माज्या बाप्तिस्म्याचं काय?”

पाळक हसले. त्यांचं ते हसू सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावरही कुणीतरी लिहिलं आहे. ते म्हणाले, आजीबाई, धीर धरा, नवे पाळक येतील, ते बघतील. आई बसल्या नाहीत. म्हणाल्या, नवा पालक येईतोवर मी असेन का? एवढंच. आवाजही चढवला नाही. पाळकांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वर्षं ज्यांच्या घंटेला घाबरत आले त्या माणसानं नुसतं पाहिलं, आणि मी आईंचा पदर धरून ओढला. “आई, बसा,” म्हटलं. त्या बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गीत सुरू झालं... हे मी लिहिते आहे, कारण हर्णेकरांवर राग काढताना माझा हात कुठे होता हे लपवणं मला शोभणार नाही.

नवे पाळक यायला पाच महिने लागले. आई तिसऱ्याच महिन्यात गेल्या. दोन दिवस दमा असा उसळला की बोलणं बंद झालं. पहिल्या दिवशी हे गिरगावला दुसऱ्या एका मंडळीच्या पाळकांकडे धावले. ते भले गृहस्थ म्हणाले, तुमच्या पाळकांची चिठ्ठी आणा, लगेच येतो. मंडळीचा कारभार बघणारे आमचे वडीलजन म्हणाले, आम्हाला पाणी घालायचा अधिकार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मग मातीचा प्रश्न आला. बाप्तिस्मा नसलेल्या माणसाला मंडळीच्या जागेत पुरता येत नव्हतं, पण पाळकानं ‘ही आमचीच’ असं कळवलं तर वडीलजन डोळेझाक करायला तयार होते. ह्यांनी घाटावर तार केली. दुपारी उत्तर आलं, दोनच शब्दांचं: “नियमाप्रमाणे करावे.”

अंग झाकायला ते पांढरं लुगडंच काढलं होतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शिवडीहून आईंचा पुतण्या आणि चार बायका आल्या. त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही. पुतण्यानं ह्यांच्याकडे बघितलं नाही. “आमची हाय ती,” एवढं म्हणाला, आणि त्यांनी आईंना उचललं. बायकांनी लुगडं बदललं, हिरवं नेसवलं नाही, पण पांढरंही ठेवलं नाही. ज्यांनी वाळीत टाकलं होतं त्यांनीच खांदा दिला. मुलाला मात्र चितेजवळ येऊ दिलं नाही. तू धर्म सोडलास, तू लांब उभा राहा. हे चिखलातल्या बांधावर उभे राहिले. मीही. पुतण्यानं आग दिली. आठ दिवसांनी हर्णेकरांचं सांत्वनाचं पत्र आलं, चांगलं चार पानी. ह्यांनी ते वाचलं आणि पुन्हा त्यांचं नाव घरात काढलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले, ते वारण्याच्या आधी आठ दिवस. उपचारांसाठी ते मुंबईत आले होते, गिरगावात मुलीकडे उतरले होते. मुलगी शाळेत येऊन म्हणाली, बाबा तुमची फार आठवण काढतात. शाळा सुटल्यावर मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. खिडकीजवळ खाटेवर बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, पण केस नीट विंचरलेले. मला बसायला सांगितलं. शाळेची चौकशी केली, ह्यांची केली.

“सगुणाबाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी उठल्या होत्या... तुमच्या सासूबाई. तार मीच केली. बरोबर होती असं मला वाटत होतं.” पुढे म्हणाले, “हल्ली पहाटे प्रार्थनेला बसतो आणि त्यांच्यापाशी येऊन अडतो. मला त्यांचं नाव आठवत नाही. काय नाव होतं त्यांचं?”

तीन वर्षं ती बाई त्यांच्या पुढ्यात परीक्षेला बसली होती. दर खेपेला त्यांनी त्या वहीत काही ना काही लिहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडाशी नाव आलं होतं.

“तुम्हालाही आठवत नाही?” त्यांनी विचारलं.

“आठवतं,” मी म्हटलं.

ते वाट बघत राहिले. मी पदर सावरला आणि उठले. मुलीनं चहा आणला होता, तो घेतला नाही. जिना उतरताना मला इतकं बरं वाटत होतं की मी दोन दोन पायऱ्या उतरत होते. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर हे जेवताना थांबले आणि म्हणाले, “सांगायचं होतंस गं. आईनं सांगितलं असतं.”

आठ दिवस होते माझ्या हातात. शाळेपासून त्यांच्या मुलीचं घर शंभर पावलांवर. रोज सकाळ-संध्याकाळ त्या गल्लीच्या तोंडावरून मी गेले आणि एकदाही आत वळले नाही. आता त्यांच्यावरचा राग तसाच आहे, रतीभरही कमी झालेला नाही. पण पहाटे जाग आली की मला ते खाटेवर बसलेले दिसतात, प्रार्थना अर्धी राहिलेले.

हिराबाई. त्यांचं नाव हिराबाई होतं.