पात्याची सावली

साक्रीकडे आमच्या गावाला लागून टेकडी आहे, तिच्यावर पवनचक्क्या. उन्हं कलली की त्यांच्या पात्यांच्या सावल्या अंगणातून फिरायच्या. माय मिरच्या निवडायला बसली की तिच्या अंगावर सावली यायची, जायची, परत यायची. माय वैतागायची, "मेली धड थांबतही नाही."

पुढं आम्ही सुरतला आलो. यंदा कोसाडच्या आमच्या वसाहतीत बाकावर एक पांढरं, बाकदार छप्पर बसवलं. कामरेजकडच्या कारखान्यात पवनचक्क्यांची जुनी पाती कापून असल्या वस्तू करतात, त्यातलंच ते. मायनं ठरवून टाकलं की हे पातं आपल्याच टेकडीवरचं. असल्या भोळेपणाचा मला राग येतो, पण मी दोनदा समजावलं आणि सोडून दिलं.

परवा संध्याकाळी मिलमधून आलो, तर माय मिरच्यांचं ताट घेऊन त्या छपराखाली बसलेली. मीही टेकलो. डोळे मिटले आणि नकळत अंगावर ऊन येण्याची वाट बघू लागलो. ऊन आलं नाही. सावली होती तिथंच होती, गार.

मायचा हात ताटात थांबला. तिनं वर पाहिलं.

"थोडी तरी हल ना गं," ती म्हणाली.