कचराबाईची हजेरी

मोहाडीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सेवकराम मास्तरांनी एकतीस वर्षं काढली. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी एक जुलै बहाल केली, त्यामुळे अर्धं गाव एकाच दिवशी म्हातारं होतं. एवढं सोडलं तर त्यांनी नियमाबाहेर पाऊल टाकलं नाही.

यंदा आदेश आला. विद्यार्थ्यास वर्गात दाखल्यावरच्याच नावाने पुकारावे. मास्तरांनी पुकारलं, "कचराबाई!"

वर्ग खिदळला. सगळे जिला खुशबू म्हणत ती पाचवीतली पोरगी उठली, दप्तर घेतलं आणि घरी गेली ती गेलीच.

तिसऱ्या दिवशी मास्तर तिच्या घरी पोचले. आजी सुलोचनाबाई तांदूळ पाखडत होती.

"दोन नातवंडं गेली जी, गुरुजी. हिले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं सुपात उचलून आणलं. कचरा म्हटलं का यम ढुंकून पाहत नाही."

"पण दाखल्यावर काहून लिहिलं?"

"यमानं कागद पाहिला असता तं?"



दाराआडून खुशबू म्हणाली, "त्या नावानं बलावसान तं मी बकऱ्या चारीन, पण येणार नाही."

नाव बदलायला ते सरकारी राजपत्रात छापून आणावं लागतं, मास्तरांनी सांगितलं. त्याला लागणारे कागद ऐकूनच आजीने पुन्हा सूप हाती घेतलं.

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख गोपीचंद साहेब तपासणीला आले. ते याच शाळेत शिकलेले.

"पाचवीतली एक पोरगी गैरहजर काहून?"

"आदेशामुळं, साहेब."

"आदेश म्हणजे आदेश. त्यात सूट नाही."

"नाहीच," म्हणत मास्तरांनी पेटीतून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं आणि एका पानावर बोट ठेवलं. शाई अजून ठळक होती. उकरड्या.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. तिथे पोरं कान देऊन उभी होती.

"राजपत्र केलं न मी!" ते दबक्या आवाजात म्हणाले. "नोकरी लागल्यावर. आन् शाळेत मले या नावानं कोणीच नाही बलावलं."

"तवा आदेश नव्हता, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग शेरा लिहिला: 'हजेरी क्रमांकाने घ्यावी.'

नियम मोडला नाही. वर्गात आता कुणालाच नाव नाही, एवढंच.

सोमवारी मास्तरांनी पुकारलं, "सात!"

"हजर जी," खुशबू म्हणाली.