दोन्ही हात

बाजारात लोक ओरडत पळत सुटले. काय झालं, कुठं झालं, मला कळंना. माझी राणी तवा पाच वर्षांची, बहिरी, हातांनीच बोलणारी. गर्दीत हरवंल म्हणून मी तिचे दोन्ही हात गच्च धरले. ती झटापट करायला लागली, मी अजून आवळले. शेवटी ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. हात सुटताच तिनं कपाळावर दोन शिंगं केली अन् माझ्या मागं दाखवलं. सुटलेला बैल! आम्ही सुकटवाल्या मावशीच्या पालात घुसलो.

"हातानं बोलती व्हय ती?" मावशी म्हणली. "मग तू तर पोरीचं तोंडच दाबलं व्हतं की!"

आज इतक्या वर्षांनी हरसूलच्या बाजारात सुकटीचा वास आला अन् मनगट ठणकलं. राणी मोठी झाली, तरी गर्दीत मी तिचा हात धरते, पण आता एकच. पण एका हातानं ती अर्धंच बोलती, अन् सोडला तर जीव थाऱ्यावर राहत नाय. लय थकले. तुम्ही काय केलं असतं?